निर्णय एकाचा, साक्ष दुसऱ्याची

प्रश्न : तालुक्याच्या शालेय सॉफ्टबॉल सामन्यांना आम्ही दोनच पंच असतो. मी प्लेटमागे, म्हणजे बॅटर खेळते त्या जागेमागे, दुसरे सर बेसवर. त्यांनी पहिल्या बेसवर 'आउट' दिला, पण फर्स्ट बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमधून चेंडू निसटलेला मला दिसला. मी तिथूनच 'सेफ' म्हणायला हवे होते का?
– क्रीडाशिक्षक, दर्यापूर तालुका

उत्तर : नाही, सर. तो निर्णय बेस पंचांचा होता आणि एका पंचाने दुसऱ्याचा निर्णय परस्पर फिरवायचा नाही, असा नियमच आहे. तुम्ही साक्षीदार, विचारल्यावर सांगायचे.

चेंडू सुटूनही 'आउट' दिला जातो, कारण बेस पंच डोळ्यांनी बेसवरचा पाय पाहतात आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज कानाने टिपतात. खेळाडूची पाठ त्यांच्याकडे वळली, की नंतर सुटलेला चेंडू तिच्या अंगाआड जातो. म्हणून काळ्या मातीची धूळ बसू द्यावी, चेंडू हातात दिसू द्यावा, मग 'आउट'. आपली नजर अडली होती हे जाणवले, तर खेळ थांबताच त्यांनी 'टाइम' घ्यावा, खेळाडू-प्रशिक्षकांपासून दूर येऊन तुम्हाला नेमके विचारावे : "चेंडू सुटला का?" तुम्ही दिसले तेवढेच सांगा. निर्णय बदलायचा तर तेच बदलतील, तेच जाहीर करतील आणि बाकीच्या धावपटूंना योग्य बेसवर ठेवतील.

बेसवरून सुटलेला पाय, टॅग (चेंडूसह धावपटूला केलेला स्पर्श) लागला की हुकला, झेल की टप्पा, यासाठी जरूर विचारावे. आधी धावपटू की आधी चेंडू, एवढाच वाद असेल तर नको. साठ फुटांवरून तुम्हाला ते अधिक स्पष्ट दिसत नाही. प्रशिक्षक चिडले म्हणून तर मुळीच नको.

नियमच चुकत असेल तर मात्र गप्प राहू नका. पहिल्या बेसवर धावपटू, दोनपेक्षा कमी आउट, आणि तिसरा स्ट्राइक कॅचरकडून सुटला म्हणून बॅटरला बेसवर राहू दिले, तर पुढचा पिच पडण्याआधी जवळ जाऊन हळू आवाजात सांगा; ती बॅटर आउटच असते.

तुमच्या बाजूने एक गोष्ट : बॅटरने बॅट फिरवता फिरवता आवरली, अशा अर्ध्या स्विंगला तुम्ही 'बॉल' दिला आणि कॅचरने दाद मागितली, तर बेस पंचांना विचारा. पहिला बेस रिकामा किंवा दोन आउट असताना तिसरा स्ट्राइक ठरू शकेल असा चेंडू कॅचरकडून सुटला असेल, तर दाद मागण्याची वाट न पाहता लगेच विचारा. चेंडू तेव्हा जिवंत असतो. उत्तराला उशीर झाला तर बॅटर पळत नाही आणि कॅचर फेकत नाही.