अलॉटमेंटवर माजलेल्या तणावर काळे आच्छादन घालावे का, आणि किती काळ?

इंग्लंडमध्ये अलॉटमेंटवर (भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीवर) नुकताच मिळालेला आपला अर्धा प्लॉट तणाने भरला आहे आणि खणण्याआधी त्यावर काळे कापड अंथरावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जरूर अंथरावे, पण ते उजेड तोडून तणाची उपासमार करण्यापुरतेच, कायमचे नव्हे. पूर्ण प्लॉट साधारण 250 चौरस मीटरचा धरला जातो. त्याच्या निम्मी जागासुद्धा नोकरी सांभाळून एका हंगामात खुरपून होत नाही. म्हणून आधी सगळी जमीन झाकावी आणि जेवढे लावणे झेपेल तेवढाच तुकडा उघडत जावे.

किती काळ झाकायचे, हे तण कोणते आहे त्यावर अवलंबून आहे. चिकवीडसारखे हंगामी तण वाढीच्या दिवसांत काही महिन्यांत मरते. काउच ग्रास (आपल्या हरळीसारखेच जमिनीखालून पसरणारे गवत) आणि बाइंडवीड (गुंडाळत चढणारे वेलीसारखे तण) यांना मात्र वाढीचा एक पूर्ण हंगाम, पुष्कळदा दोन, अंधारात ठेवावे लागतात. हॉर्सटेल या तणाची मुळे दोन मीटर आणि त्याहूनही खोल जात असल्याने ते आच्छादनाने दुबळे होते, संपत नाही. मे महिन्यात कापडाची एक कड उचलून पाहा: उजेड शोधत वर आलेले बाइंडवीडचे पांढरे कोंब मातीवरच शेवयांसारखे पसरलेले दिसतील, आणि एरवी खणताना तुटणारे हे तण तेव्हा हाताने सहज ओढून निघते.

कापड घ्यायचे तर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे, चौरस मीटरला सुमारे 100 ग्रॅम वजनाचे घ्यावे. नमद्यासारखे स्वस्त कापड टाळावे, कारण मुळे त्यात गुंतून बसतात आणि काढताना ते फाटते. विणलेले कापड कापल्यावर कडेवरून ज्योत फिरवावी, नाहीतर सुटलेले धागे पुढे कित्येक वर्षे मातीत सापडत राहतात. जुन्या गालिच्यांवर अनेक ठिकाणी बंदीच आहे, आणि ती योग्य आहे. महाराष्ट्रात टोमॅटो-कलिंगडाला वापरतात तो 25-30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर इथे उपयोगाचा नाही. लव्हाळा त्याला भोके पाडून वर येतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, माती ओली असताना, उंच तण कापून तिथेच पाडावे आणि वर कापड अंथरून कडा विटांनी किंवा फळ्यांनी दाबाव्यात. वारा नुसत्या खिळ्यांना जुमानत नाही. शेजारच्या गवताळ वाटेवरून काउच ग्रास आत शिरते, म्हणून कडेने वीतभर खोल चर ठेवावा. जिथे लगेच लागवड करायची आहे तिथे चिकटपट्टी काढलेले साधे पुठ्ठे एकमेकांवर चढवून भिजवावेत आणि वर 10 ते 15 सेंटीमीटर कंपोस्ट घालावे. त्यातूनही चिवट तण डोके काढील, ते दिसताच उपटावे. कापडाला फुलीसारखी चीर देऊन त्यात भोपळा लावता येतो. गाजर-कांद्याला ही युक्ती चालत नाही.

कापड उचलताना खाली सापासारखा तांबूस, चकचकीत प्राणी दिसला तर घाबरू नये. तो बहुधा स्लो-वर्म, म्हणजे बिनपायाची, निरुपद्रवी पाल असते. तिला कायद्याचे संरक्षण आहे, शिवाय ती गोगलगायी खाते. उघडलेल्या तुकड्यावर रोटाव्हेटर फिरवू नये, कारण काउच ग्रासच्या मुळाचा प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. डॉक या रुंद पानांच्या तणाचे बी मातीत अनेक दशके जिवंत राहते, त्यामुळे हलकी खुरपणी पुढेही चालूच ठेवावी लागते.

एवढे करण्याआधी भाडेकरार वाचावा. काही ठिकाणी ठराविक भाग ठराविक मुदतीत लागवडीखाली आणण्याची अट असते आणि झाकलेली जमीन लागवडीत मोजत नाहीत. तशी अट असल्यास व्यवस्थापकांना आधीच लेखी कळवावे.