सिग्नल फुल्ल, तरी नेट कासवगतीने

प्रश्न : मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण रात्री आठनंतर साधं पानही उघडत नाही. सिम बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. टॉवरची लहर तुमच्यापर्यंत किती जोरात पोचते, एवढंच दांड्या सांगतात. टॉवरपुढची रांग त्यांना दिसत नाही. फोरजीच्या २० मेगाहर्ट्झच्या कॅरियरमध्ये (एका वाहिनीत) १०० रिसोर्स ब्लॉक, म्हणजे वाटायचे तुकडे, असतात आणि शेड्यूलर (टॉवरचा वाटप करणारा भाग) दर मिलिसेकंदाला ते डेटा मागणाऱ्या फोनांत वाटतो. दोन अँटेना आणि ६४-क्यूएएम (लहरीवर दाट बिट भरायची पद्धत) धरून याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट. ५ मेगाबिटचा एचडी व्हिडिओ बघणारे ३० जण जमले की कागदावरचा हिशेबही संपला! प्रत्यक्षात तर तेवढंही मिळत नाही. जाड भिंतीआडच्या फोनला क्यूपीएसके या विरळ पण दणकट पद्धतीवर उतरावं लागतं. ६४-क्यूएएम एका सिम्बॉलमध्ये (लहरीच्या एका ठोक्यात) ६ बिट नेतं, क्यूपीएसके फक्त २. त्याच फोटोला किमान तिप्पट ब्लॉक लागतात, ते सगळ्यांच्या वाट्यातून जातात. म्हणून खिडकीशी जाऊन बसलात तर शेजाऱ्याचंही नेट थोडं सुटतं.

आधी एक तपासणी करा. त्याच जागी पहाटे पाचला आणि रात्री नऊला स्पीड टेस्ट घ्या, दोन-तीन दिवस. पहाटे वेग चांगला आणि रात्री पडलेला, तर गर्दी. दोन्ही वेळा रडतखडत असेल तर सिग्नलचा दर्जा, फोन किंवा प्लॅनची डेटा-मर्यादा बघा. गर्दीच असेल तर सेटिंगमध्ये फाइव्हजी आणि फोरजी आलटून पालटून लावून बघा. एखादा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) मोकळा सापडतो. व्हिडिओ ४८०पी वर आणा, छोट्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. दुसरं सिम घ्यायचंच तर ते आधी त्याच जागी, रात्री नऊलाच तपासा.

प्रश्न : व्हिडिओ कॉल चालू असताना आवाज तुटतो. फोटोंचा बॅकअप तेव्हाच सुरू होतो, त्याचा संबंध असेल का?

उत्तर : बहुतेक तेच. अपलोडचा मार्ग मुळातच अरुंद असतो आणि फोनच्या मोडेममधला बफर (डेटा थांबवून ठेवायची जागा) मोठा. पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं की जुन्या पद्धतीचं टीसीपी (डेटा पोचवण्याचे नियम) वेग कमी करतं. बफर काही टाकूनच देत नसेल तर टीसीपीला अडचण कळतच नाही. रांग वाढत जाते आणि आवाजाची पॅकेटं फोटोंच्या मागे उभी राहतात. ४० मिलिसेकंदांचा पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) सेकंदावर जाऊ शकतो. बॅकअप आणि ॲप अपडेट ‘फक्त वायफायवर’ करा. सिमवर चालणारा राउटर असेल आणि त्यात एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर त्यातली केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडून मर्यादा गर्दीच्या वेळी मिळणाऱ्या वेगाच्या ८० ते ८५ टक्के ठेवा. पहाटेचा आकडा टाकला तर रांग पुन्हा टॉवरपाशीच लागते आणि एसक्यूएम असून नसल्यासारखं. ही चूक फार जण करतात.

प्रश्न : मोठ्या गर्दीत मेसेजसुद्धा का जात नाही?

उत्तर : डेटाच्या आधी फोनला टॉवरकडे वेळ मागावी लागते. त्यासाठी सेलमध्ये ६४ खुणा असतात. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच खूण वापरली की दोघांची मागणी टकरते आणि थांबून पुन्हा मागावं लागतं. ‘पुन्हा पाठवा’ दाबत राहू नका. निरोप साध्या एसएमएसने पाठवा, तो सिग्नलिंगच्या (फोन-टॉवरच्या आपसातल्या निरोपांच्या) वाटेने जातो. फोटो घरी गेल्यावर.