रोज तेच ते जगण्यात अर्थ कसा शोधायचा?

रोज तीच गाडी, तेच ऑफिस, तीच परतीची गर्दी. यात जगण्याला अर्थ कुठून आणायचा, असं तुम्ही विचारलंय. मी 22 वर्षं लोकलने बदलापूर ते मुंबईचं सीएसएमटी स्टेशन अशी ये-जा करतेय. एका बाजूचे सुमारे 68 किलोमीटर, म्हणजे दिवसाचे जवळजवळ तीन तास लेडीज डब्यात. सुरुवातीला हा वेळ मी आयुष्यात धरतच नव्हते. खरं जगणं काय ते रविवारी.

लोकलमध्ये चौथी सीट असते. बाक तिघींचा, चौथीने कडेला जेमतेम टेकायचं, पाय पॅसेजमध्ये रोवून. कुठल्या नियमात ही जागा नाही. पण डोंबिवलीला चढलेली कुणी समोर येऊन उभी राहिली, की तिघी न बोलता सरकतात. हे मी वर्षानुवर्षं बघत होते, सरकतही होते, पण त्यात काही आहे असं वाटलं नव्हतं.

मग एका जानेवारीत आई गेली. दिवस उरकून चौदाव्या दिवशी गाडी पकडली. कुणालाच कळवलं नव्हतं, पण दोन आठवडे दिसले नाही यावरून बायकांनी काय ते ओळखलं होतं. आमच्या ग्रुपमधल्या काकू कधी खिडकी सोडायच्या नाहीत. त्या उठल्या, मला तिथे बसवलं आणि मटारची पिशवी मांडीवर ठेवली. "सोल जरा, मला उशीर होतोय." बस, एवढंच. ठाण्यापर्यंत मी मान खाली घालून शेंगा सोलत होते. घाटकोपरला रडू फुटलं. शेजारच्या दोघींनी माझ्या मांडीवरच्या शेंगा उचलल्या आणि त्याही सोलायला लागल्या. दादर येईपर्यंत काकूंचा मटारचा डबा भरला होता.

गर्दीचं कौतुक मला करायचं नाही. दारात लटकणाऱ्या मुली बघून आजही पोटात गोळा येतो. पण आपण एक दिवस दिसलो नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटतं, हे तुम्ही जरा बघा. चहावाला असेल, वॉचमन असेल. आणि तुम्हाला कुणाचं चुकल्यासारखं वाटतं, तेही. मला माझं उत्तर तिथे मिळालं.

काकू आता रिटायर झाल्या. खिडकी माझ्याकडे आलीये. चौथ्या सीटवर टेकून परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी सोमवारपासून दिसली नाहीये. उद्या आली, तर तिला आधी खिडकीत बसवणार आहे.