वाचकांचे प्रश्न : आधी विक्री, मग मोजणी

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराच्या आखणीवर एक छोटं टिपण आलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया ही वसाहत १८३६ साली सुरू झाली आणि कर्नल विल्यम लाइट या मुख्य सर्वेअरने १८३७ च्या सुरुवातीला तिची राजधानी मोजून दिली, एवढाच त्याचा विषय. पत्रं मात्र अपेक्षेपेक्षा बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

शहराची जागाही ठरलेली नसताना लोकांनी पैसे भरले, असं टिपणात आहे. मग त्यांनी विकत घेतलं तरी काय? (एक वाचक, कोथरूड)

चिठ्ठी. पुढे जमीन निवडण्याच्या हक्काची आगाऊ चिठ्ठी.

१८३४ च्या कायद्यात अटच होती की ३५,००० पौंडांची जमीन विकली गेल्याशिवाय आणि २०,००० पौंडांची हमी जमा झाल्याशिवाय वसाहत सुरू करायची नाही. जमीन पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, गिऱ्हाईक लंडनमध्ये. म्हणून ८१ पौंडांची एक चिठ्ठी काढली. तिच्यात ८० एकर शेतजमीन आणि शहरातला १ एकर, म्हणजे एकरी एक पौंड भाव. अशा ४३७ चिठ्ठ्या धरल्या की ३५,३९७ पौंड होतात. ४३७ हा आकडा आला तो इथून.

त्या भावाने विक्री अडली. मग कायद्याने ठरवलेल्या किमान भावावर, एकरी १२ शिलिंगांवर (२० शिलिंगांचा एक पौंड) यावं लागलं, आणि जॉर्ज फाइफ अँगसच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या साउथ ऑस्ट्रेलियन कंपनीने उरलेला माल उचलला. नवी चिठ्ठी ७२ पौंड १२ शिलिंगांची, तिच्यात १२० अधिक १ एकर. आधी ८१ पौंड भरलेल्यांनी ओरड करू नये म्हणून त्यांची शेतजमीन ८० वरून १३४ एकर केली. १३५ एकर गुणिले १२ शिलिंग, बरोबर ८१ पौंड. हिशेब चोख होता, फक्त जमीन कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. बांधकाम सुरू होण्याआधी फ्लॅट बुक करणाऱ्या पुणेकराला यात नवल वाटू नये.

जमिनीच्या पैशातून मजुरांचं जहाजभाडं भरायचं आणि मजुराने काही वर्षं राबल्याशिवाय त्याला परवडू नये इतका भाव ठेवायचा, ही कल्पना एडवर्ड गिबन वेकफील्डची. एका श्रीमंत घरच्या शाळकरी मुलीला पळवून नेल्याबद्दल तो तुरुंगात होता, तिथे त्याने ती मांडली. त्याने ऑस्ट्रेलिया तेव्हा पाहिलेलाही नव्हता. या योजनेमुळेच इथे सिडनीसारखे शिक्षा झालेले कैदी पाठवले गेले नाहीत.

घोटाळा झाला तो क्रमाचा. कंपनीचं पहिलं जहाज २७ जुलै १८३६ ला कांगारू बेटावर लागलं आणि लाइटचं ‘रॅपिड’ ऑगस्टमध्ये. म्हणजे गिऱ्हाईक आधी आणि मोजणीदार मागून! शेतजमीन मोजून मिळेपर्यंत पेरता येईना. मजूर आणलेले, त्यांची मजुरी चालू, धान्य बाहेरून येणार. अशा वेळी हातातला पैसा शहरातल्या एकरांच्या खरेदी-विक्रीत फिरू लागला, शेती मागे पडली.

१,०४२ एकर दोन महिन्यांत साखळीने मोजले, हे पटत नाही. साखळी कोणती, पद्धत कोणती, चूक किती धरायची? (भूमी अभिलेख खात्यातले एक निवृत्त कर्मचारी, शनिवार पेठ)

मोजणी ११ जानेवारी १८३७ ला नॉर्थ टेरेस आणि वेस्ट टेरेस मिळतात त्या कोपऱ्यावर सुरू झाली आणि १० मार्चला संपली. टॉरेन्स नदीच्या दक्षिणेला ७०० एकर, उत्तरेला ३४२.

साखळी गंटरची, ६६ फुटांची, १०० कड्यांची, एक कडी ७.९२ इंच. आपल्याकडची १६ आण्यांची साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. तेव्हा त्यांची एक चौरस साखळी म्हणजे आपले चार गुंठे, आणि दहा चौरस साखळ्यांचा एकर. योगायोग असा की याच सुमारास, १८३६ मध्ये, आपल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणी करून नवी जमाबंदी लावली. फरक इतकाच की इंदापुरात वहिवाटीची शेतं होती तशी मोजायची होती, ॲडलेडमध्ये कोऱ्या माळावर रेघा ओढायच्या होत्या. वेगाचं कारण तेच. सपाट जमीन, सरळ रेषा, काटकोन. बांध नाहीत, वाद घालायला शेजारीही नाहीत.

पद्धत अशी. पुढच्या गड्याकडे दहा लोखंडी सळ्या. साखळी ताणली की तो टोकाशी सळी रोवतो आणि पुढे सरकतो. मागचा गडी तिथवर आला की ती उपटून आपल्याकडे ठेवतो. मागच्याच्या हातात दहा सळ्या जमल्या की दहा साखळ्या, ६६० फूट, वहीत एक खूण. ८० साखळ्यांचा मैल. सर्वेअर मागून थिओडोलाइटमधून (कोन मोजायच्या दुर्बिणीतून) बघत पुढच्या गड्याला डावीकडे-उजवीकडे करत रेषेत धरतो. कोपऱ्यावर खुंटी, खुंटीवर नंबर.

चुका होतात त्या ठरलेल्या ठिकाणी. सळी मोजायची राहिली की एकदम ६६ फुटांची चूक. ती मोठी असल्यामुळे निदान सापडते तरी. न सापडणारी चूक साखळीच्या झिजेची. कड्यांमधल्या रिंगा झिजतात, उघडतात आणि साखळी लांबते. ती एक कडी लांबली तर लांबीत १ टक्का आणि क्षेत्रात २ टक्के फरक पडतो. लांबलेली साखळी अंतर कमी दाखवते, म्हणून कागदावरच्या एकरापेक्षा जमिनीवरचा एकर मोठा निघतो. खरेदीदार अर्थातच तक्रार करत नाही. यावर उपाय एकच, ठरावीक दिवसांनी साखळी प्रमाण लांबीशी ताडून पाहणं. तिसरी चूक उताराची. १० अंशांच्या उतारावर साखळी जमिनीलगत टाकली तर दर ६६ फुटांत सुमारे एक फूट जातो. म्हणून साखळी आडवी धरून ओळंबा सोडत पायऱ्यापायऱ्यांनी उतरायचं. होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी साखळी त्याच्यापासून दूर ठेवायची, नाहीतर सुई तिच्याकडे वळते.

रस्त्यांची रुंदीही साखळीतच आहे. किंग विल्यम स्ट्रीट २ साखळ्या म्हणजे १३२ फूट, काही रस्ते दीड साखळी म्हणजे ९९ फूट, बाकीचे बरेचसे ६६ फूट. अपूर्णांक टाळले की गडी कमी चुकतो. (लक्ष्मी रस्त्याशी तुलना करणारी तीन पत्रं आली आहेत. ती छापत नाही.)

२३ मार्चला चिठ्ठीवाल्यांनी आपापले एकर निवडले आणि उरलेले २७ मार्चला लिलावात निघाले.

इतकं चांगलं काम केलेल्या लाइटने राजीनामा का दिला? (एक विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता)

शहर झालं, पण ग्रामीण जमीन उरली होती, आणि खरी घाई तिचीच होती. लाइटचा आग्रह त्रिकोणमितीच्या मोजणीचा. एक पायारेषा साखळीने अगदी काळजीपूर्वक मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणांचे कोन घ्यायचे आणि बाकीची अंतरं गणिताने काढायची. प्रत्येक त्रिकोण शेजारच्याला तपासतो, चूक लगेच उघडी पडते. याला माणसं आणि वेळ दोन्ही लागतात.

त्याने आपला सहायक जॉर्ज किंग्स्टनला जादा माणसं मागायला लंडनला पाठवलं. किंग्स्टन जून १८३८ मध्ये परतला तो उलटाच हुकूम घेऊन. धावती मोजणी करा, लाइट तयार नसेल तर किंग्स्टनने करावी. धावत्या मोजणीत मुख्य रेषा तेवढ्या साखळी आणि होकायंत्राने ओढत जायचं, मधले तुकडे नंतर. स्वस्त आणि झटपट, पण एका रेषेतली चूक पुढच्या रेषेत जमा होत जाते. शेवटी दोन गटांच्या मधे कोणाचीच नसलेली पट्टी उरते, नाहीतर एकच पट्टी दोघांची होते.

लाइटने नकार दिला. त्याच्याबरोबर जवळजवळ सगळ्या हाताखालच्या लोकांनी काम सोडलं. त्याला क्षय होता, ऑक्टोबर १८३९ मध्ये तो वारला. लंडनच्या मंडळींना घाई होती हे खरं, पण सुरुवातीला पुरेशी माणसं न देता नंतर वेगाबद्दल बोल लावणं हा अन्यायच होता, असं आमचं मत.

बंदर सोडून शहर दहा किलोमीटर आत का? (एक वाचक, औंध)

गोडं पाणी आणि पूर. टॉरेन्स नदी तिथे पिण्याजोगी होती, जमीन उंच आणि निचऱ्याची होती, मागच्या डोंगरांमुळे पाऊस मिळत होता. बंदराजवळची जागा खारट आणि दलदलीची. गव्हर्नर हिंडमार्शला शहर बंदराच्या जवळ हवं होतं. लाइट थोडं खाली सरकायला तयारही झाला, पण तिथे नदीच्या पुराच्या खुणा दिसल्या म्हणून मूळ जागेवर परतला. १० फेब्रुवारी १८३७ च्या सभेत २१८ विरुद्ध १२७ मतांनी लाइटची जागा कायम झाली. यात चिठ्ठीवाल्यांचं हितही होतं. जागा पुन्हा बदलली असती तर आणखी काही महिने गेले असते.

शहराभोवतीचा हिरवा पट्टा पर्यावरणासाठी होता का? (अनेक पत्रं)

त्या काळी तो शब्द या अर्थाने रुळलेलाही नव्हता. मोकळी हवा, फिरायला जागा आणि शहर व उपनगर यांच्यात अंतर, हा विचार होता. क्षेत्र सुमारे २,३०० एकर, म्हणजे खुद्द शहराच्या दुपटीहून जास्त. ॲडलेड ओव्हल हे क्रिकेटचं मैदान याच पट्ट्यात आहे.

ही जमीन मुळात कोणाची होती, त्यांना काय मिळालं? (एक वाचक, येरवडा)

कौर्ना लोकांची. नदीला ते कर्राविर्रा पारी म्हणतात. फेब्रुवारी १८३६ च्या राजाच्या सनदेत स्पष्ट लिहिलं होतं की मूळ रहिवाशांच्या ताब्यातल्या आणि वापरातल्या जमिनीवरच्या हक्काला धक्का लागता कामा नये. पण कायद्याने हा सगळा मुलूख आधीच ओसाड ठरवून टाकला होता आणि चिठ्ठ्या विकल्या गेल्या होत्या. नांगरट किंवा कुंपण नाही म्हणजे ताबा नाही, असा सोयीचा अर्थ लावून ते कलम कागदावरच राहिलं. जे थोडं वाचलं ते टाइशेलमान आणि शूरमान या दोन जर्मन मिशनऱ्यांमुळे. त्यांनी १८४० मध्ये कौर्नाचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला आणि आज ती भाषा पुन्हा शिकवली जाते ती मुख्यतः त्याच्या आधाराने.

टॉरेन्स पद्धत आणि आपला सातबारा यांत फरक काय? टॉरेन्स म्हणजे नदीवालाच ना? (एक वकील, शिवाजीनगर)

नदीला नाव बापाचं, पद्धतीला मुलाचं. रॉबर्ट टॉरेन्स हा लंडनमधल्या वसाहत मंडळाचा अध्यक्ष. त्याचा मुलगा रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स ॲडलेडला जकात अधिकारी होता. त्यामुळे जहाजांची नोंदवही त्याच्या ओळखीची. जहाजाचा मालक कोण हे एका वहीत पाहून कळतं, मग जमिनीचं का नाही, हा त्याचा सवाल. १८५८ चा कायदा त्यातून आला.

तोवर प्रत्येक खरेदीला मागचे सगळे दस्त पाहावे लागत. आगाऊ चिठ्ठ्या हातोहात विकलेल्या असल्यामुळे दस्तांची माळ वाढलेली, आणि मधला एक हरवला की पुढचे सगळे लटके. टॉरेन्स पद्धतीत नोंदवहीतली नोंद हीच मालकी. विक्री झाली की दस्ताने नव्हे, नोंदीने मालकी बदलते. नोंद चुकल्याने कोणाचं नुकसान झालंच तर भरपाईसाठी सरकारी निधी.

सातबारा हा महसुलाचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढंच. म्हणून फेरफार, सूची क्रमांक दोन आणि ३० वर्षांचा शोध अहवाल हे सगळं काढावं लागतं. टॉरेन्स पद्धत लावायची तर आधी प्रत्येक गटाची हद्द वादाशिवाय ठरलेली हवी. ॲडलेडला ते तुलनेने सोपं गेलं, कारण सगळ्या हद्दी एकाच पिढीत आणि एकाच मालकाकडून आखलेल्या होत्या.

मुलाकडे ॲडलेडला जाणार आहोत. यातलं काय बघता येईल? (ज्येष्ठ दांपत्य, सहकारनगर)

लाइट स्क्वेअरमध्ये लाइटची समाधी आहे, खांबावर थिओडोलाइट ठेवलेलं. माँटेफिओरे टेकडीवर त्याचा पुतळा, तिथून ओव्हल आणि शहर एका नजरेत दिसतं. व्हिक्टोरिया स्क्वेअरपासून ट्रामने ग्लेनेल्गला जा. तिथे कमानीसारखं वाकलेलं जुनं झाड आहे, त्याच्याजवळ दरवर्षी २८ डिसेंबरला वसाहतीच्या घोषणेचा समारंभ होतो. पत्ता शोधताना एवढं लक्षात ठेवा की पूर्व-पश्चिम रस्त्यांची नावं किंग विल्यम स्ट्रीट ओलांडली की बदलतात. रंडल पलीकडे हिंडली होतो, ग्रेनफेल पलीकडे करी. राजाला कोणी आडवं जाऊ नये म्हणून असं केलं, असं तिथले लोक सांगतात.