रोज चार वाजता, त्याच बाकावर

"ताई, शनिवार आला की माझ्या पोटात गोळा येतो."

एप्रिलमधल्या पहिल्याच ऑनलाइन भेटीत ती असं म्हणाली आणि मी चमकले. असा गोळा लोकांना सोमवारचा येतो. ती येवल्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे जानेवारीत बर्लिनला आलेली, मुलगा साडेतीन वर्षांचा. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचा प्रश्न मात्र परदेशी गेलेल्या कितीतरी घरांतून मला येतो: एवढ्या मोठ्या शहरात मुलाला न्यायचं कुठे? आणि इतकं फिरवूनही तो रडतोच, म्हणजे आपलंच काही चुकतंय का?

तिच्याकडे ठिकाणांची यादी होती आणि दर शनिवारी त्यातलं एक उरकायचं, असं चाललं होतं. तंत्रज्ञान संग्रहालय झालं. १६० हेक्टरवर पसरलेलं टिअरपार्क हे प्राणिसंग्रहालय झालं, त्यात मुलगा अर्ध्या वाटेत खांद्यावर झोपला. निसर्गविज्ञान संग्रहालयात १३ मीटरहून उंच डायनासोरचा सांगाडा आहे. त्याच्यासमोर उभं करून फोटो काढायचा होता, पण मुलाला जिन्याच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या होत्या, पुन्हा पुन्हा. शेवटी तिने त्याला दटावलं, तो भोकाड पसरून रडला, नवरा गप्प झाला आणि तिघं तसेच घरी आले.

मी आधी चुकले. मला वाटलं, हिला घरची आठवण येते आहे. सासरी-माहेरी फोन वाढव, असं सुचवलं. फोन वाढले, आणि त्याबरोबर "या रविवारी कुठे नेलंत बाळाला? फोटो नाही टाकलेस?" हेही वाढलं. दुसऱ्या भेटीत ती रडत म्हणाली, "ताई, तुम्ही मला अगं म्हणा ना. इथे मला अगं म्हणणारं कुणी नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की यादी मुलासाठी नव्हतीच. बर्लिनला येऊन आपण चांगले आईबाप आहोत, याचा तो पुरावा होता.

मग मी विचारलं, "सोमवार ते शुक्रवार तो काय करतो गं?"

घरात असतो, म्हणाली. पाळणाघराचं शुल्क बर्लिनमध्ये २०१८ पासून माफ आहे, पण तिला जागा मिळायला वेळ लागत होता. जागा मिळेपर्यंत ही दोघं चौथ्या मजल्यावर. तो पळाला की ही "हळू, हळू". खालचे तक्रार करतील ही भीती. मैदानातही तेच, तो ओरडला की त्याच्या तोंडावर हात.

इथे एक माहिती तिच्या उपयोगी पडली. जर्मनीने २०११ साली कायद्यातच लिहून ठेवलं आहे, की पाळणाघरं आणि मुलांच्या मैदानांवरून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही. मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. "म्हणजे तो ओरडला तर चालतं?" तिने विचारलं. चालतं गं. तिथे तरी नक्कीच चालतं.

मी चार आठवड्यांसाठी यादी बंद करायला सांगितली. बर्लिनमध्ये अठराशेहून अधिक सार्वजनिक मैदानं आहेत, तिथले लोक त्याला श्पीलप्लात्झ म्हणतात. ते सगळे पाहायचे नाहीत. घरापासून चालत जाता येईल असा एकच निवडायचा आणि रोज चार वाजता जायचं, शक्यतो त्याच बाकावर. साडेतीन वर्षांच्या मुलाला नव्या जागेपेक्षा ओळखीची जागा मोठी वाटते. कालचा खड्डा आज तिथेच आहे का, हे बघण्यात त्याचा जीव असतो. आणि तीच तीच माणसं रोज दिसल्याशिवाय आईचीही कुणाशी ओळख होत नाही.

तिने जवळचं मैदान निवडलं. वाळू, हाताने हापसायचा पाण्याचा पंप आणि दोरांचा उंच मनोरा. त्या मनोऱ्याने तिची झोप उडवली. "इथल्या आया बाकावर बसून राहतात हो! मूल वर, आणि त्या खाली." मी तिला सांगितलं, युरोपात खेळाच्या साधनांसाठी ईएन ११७६ नावाचं मानक आहे. त्यानुसार मूल थेट जमिनीवर पडू शकेल अशी उंची ३ मीटरच्या वर नेत नाहीत, आणि खाली वाळू, झाडाच्या सालीचा भुसा किंवा रबर असतो. तिथले पालक एक नियम पाळतात, तो मला फार पटतो: मुलाला उचलून वर ठेवायचं नाही. जिथवर ते स्वतः चढेल, तिथून बहुतेक वेळा उतरूही शकतं.

पहिला आठवडा वाईट गेला. कुणी बोललं नाही, मुलगा मांडीवरून उतरला नाही, दोन दिवस पाऊस. तिने मला फक्त "नाही जमत" एवढाच संदेश पाठवला. दुसऱ्या आठवड्यात तिने बाकीच्या मुलांसारखी रबरी विजार घेतली. माचहोझे म्हणतात तिला, चिखलातच घालायची. ती घातल्यावर "कपडे घाण होतील" हे वाक्य आपोआप बंद झालं.

तिसऱ्या आठवड्यात पंप कामी आला. एकट्या लहान मुलाला तो हापसणं आणि पाट काढणं दोन्ही जमत नाही, कुणीतरी दुसरं लागतंच. एका मुलीने ह्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, हा दांड्याला लटकला, पाणी आलं. ती ओरडली, "नोख्माल!" म्हणजे पुन्हा. त्याचा पहिला जर्मन शब्द तो. त्या दिवशी घरी येऊन त्याने वरणभातही "नोख्माल" मागितला. मुलीच्या आईने पुढे केलेली कुरमुऱ्यासारखी तांदळाची चकती ह्याने खाल्ली, आणि हिने दिलेली चिक्की तिने.

मोठी ठिकाणं वाईट नाहीत. चार वाजताच अंधारणाऱ्या डिसेंबरात संग्रहालयं कामाची, काही चर्चही हिवाळ्यात आपल्या सभागृहात मुलांना खेळायला जागा करून देतात. फोल्क्सपार्क फ्रीड्रिक्सहाइनमध्ये १९१३ सालचं परीकथांचं कारंजं आहे, पाणी उडवणारे बेडूक आहेत. सहा वर्षांखालच्या मुलाला बस-रेल्वेचं तिकीट लागत नाही, त्यामुळे अर्ध्या तासात परत फिरलं तरी मनाला लागत नाही. महिन्यातून एकदा पुरे.

जूनमध्ये ती आणि नवरा त्याला टेम्पलहोफला घेऊन गेले. हा विमानतळ २००८ साली बंद झाला, आता धावपट्टीवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. नवराही येवल्याचाच. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच हातात मांजा नसलेला पतंग घेऊन तो पोरासारखा पळत होता, असं ती सांगत होती. फोटो काढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

पावणेचारला मुलाने तिचा हात ओढला. "आई, चल ना. ती पंपावर वाट बघत असेल."