द्राक्षात बिव्हेरिया दोनदा फवारलं तरी मिलीबग (पिठ्या ढेकूण) तसाच. ही कीड मारणारी बुरशी खरंच काम करते का?

दिंडोरीच्या बागेत दोन फवारण्या वाया गेल्या, दुकानदाराने फसवलं का, असं तुम्ही विचारलंय. फसवलं असेलही. पण त्या फवारण्यांच्या मागेपुढे डाउनी-भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी काय काय मारलंत, ते आधी आठवा.

निफाडला माझी अडीच एकर थॉमसन द्राक्षं आहेत. पहिल्या वर्षी मीही अशीच बोंब मारली होती. सोमवारी बिव्हेरिया, गुरुवारी ढग आले म्हणून बुरशीनाशक. पैसे पाण्यात! अहो, बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या जिवंत बुरश्या. भुरीवर मारलेलं औषध त्यांनाही सोडत नाही. पंपाच्या टाकीत तळाला राहिलेलं कॉपरचं बुरशीनाशकसुद्धा घात करतं.

रासायनिक औषधासारखी ही दुसऱ्या दिवशी किडी पाडत नाही. बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, हवेत ओल असेल तर रुजतो आणि कातडी विरघळवत आत शिरतो. कीड मरायला आठवडा सहज जातो. तिने काही खायची गरज नसते, म्हणून तर मिलीबगसारख्या रस शोषणाऱ्या किडीवर ही चालते. पण बीजाणू अंगाला लागला तरच. मिलीबगच्या अंगावर मेण, आणि तो बसतो सुट्या सालीखाली. वरून पानांवर मारून त्याला काय होणार?

मी आता खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली छाटणी) साल काढून घेतो. पावसाळी, दमट हवा लागली की संध्याकाळी खोड आणि ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) बिव्हेरियाच्या पाण्याने भिजेपर्यंत धुतो, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दुपारच्या उन्हात मारू नका, बीजाणू उन्हाने मरतात. बुरशीनाशक मारायचंच असेल तर ते पानांवर, खोडाकडे नोझल नको. मुंग्याही आवरा, मिलीबगला वेलभर फिरवतात त्याच. एवढं करूनही मिलीबग शून्यावर येत नाही, कमी होतो. माल युरोपला जाणार असेल तर काढणीच्या तोंडावर रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाची, धास्ती नाही, हे मात्र सोनं.

शेजारी कुणी रेशीम अळ्या पाळत असेल तर बिव्हेरिया मारूच नका. १८३५ साली इटलीत अगोस्तिनो बासींनी रेशीम अळ्यांचा रोग या बुरशीमुळे होतो हे दाखवलं. बिव्हेरिया बॅसियाना या पूर्ण नावातलं बॅसियाना त्यांच्यावरूनच पडलं.

पुडीत जीव आहे का हे घरी कळतं. मिलीबग मुळातच पांढरा, त्याच्यावर काही दिसत नाही. चार-पाच उडद्या (वेलीवरचे छोटे भुंगेरे) पकडा, बिव्हेरियाच्या पाण्यात बुडवून भोकं पाडलेल्या डबीत कोवळ्या पानासकट ठेवा. मेले की खाली ओला कापूस घालून झाकण लावा. चार दिवसांत पायांच्या सांध्यांतून पांढरी बुरशी फुटली तर दुकानदाराला शिव्या देऊ नका. नुसतेच वाळून पडले, तर पुडी घेऊन दुकानात जा. माझी एक पुडी अशीच निघाली होती. पत्र्याच्या दुकानात उन्हाळाभर पडून होती, हे नंतर कळलं.