रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर आधी हे बघ

भाऊ, आजोबांच्या एलपी लॅपटॉपवर घ्यायच्या म्हणतोस ना, मग सीताबर्डीवर जाऊन महागडं साउंड कार्ड उचलायच्या आधी एक समजून घे. टर्नटेबलमधून निघणारा सिग्नल खूपच बारीक असतो, साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, जेमतेम ५ मिलिव्होल्टच्या आसपास, आणि रेकॉर्ड कापतानाच बास कमी अन् ट्रेबल जास्त ठेवलेला असतो, म्हणून मधे फोनो प्रीअॅम्प, म्हणजे हा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा, पाहिजेच, तो आरआयएए कर्व्हने, म्हणजे रेकॉर्डसाठी ठरलेल्या बास-ट्रेबलच्या मापाने, सगळं परत जागेवर आणतो. टर्नटेबलच्या मागे फोनो-लाइनचं बटण असेल तर प्रीअॅम्प आतच आहे, वेगळा घेऊ नको, दोन लागले की आवाज फाटतो.

लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये मात्र लावू नको रे बाप्पा, तो बहुतेक वेळा मोनो असतो, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा घेत नाही, मी सुरुवातीला तेच केलं अन् अख्खी रेकॉर्ड मोनोत उतरली, अजून वाईट वाटतं. यूएसबी इंटरफेस, म्हणजे यूएसबीला लावायचं बाहेरचं छोटं साउंड कार्ड, घे. बेहरिंगरच्या यूएफओ२०२ मध्ये फोनो प्रीअॅम्प आहे, तसाच दिसणाऱ्या यूसीए२०२ मध्ये नाही, बॉक्स नीट वाच. २४ बिट मिळालं तर उत्तम, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे) ४८ किलोहर्ट्झ पुरेसा, १९२ घेतलं तर नुसती हार्ड डिस्क भरते. रेकॉर्डिंगची लेव्हल उणे ६ डीबीच्या (डेसिबलच्या) वर जाऊ देऊ नको.

गुणगुण येत असेल तर टर्नटेबलची अर्थ वायर तपास, आणि उन्हाळ्यात कूलर बंद करून पहाटेच रेकॉर्ड कर, त्याची घरघर सुईतून सरळ आत येते.